पगाराबाहेरची कमाई आणि सरकारचा अंदाज

महाराष्ट्रातील करांचा इतिहास बहुतेक वेळा जमिनीच्या साऱ्याचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. राज्याच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग शतकानुशतके शेतीतूनच येत असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे ज्याच्यापाशी ना जमीन ना ठरावीक वेतन, असा हातच्या कसबावर जगणारा माणूस करदाता म्हणून त्या इतिहासात फारसा दिसत नाही. जमीन मोजता येते आणि पगार देणाऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो. पण शिंप्याची, सोनाराची, विणकराची, संध्याकाळी घरी शिकवण्या घेणाऱ्या कारकुनाची किंवा आज मोबाइलवरील ॲपच्या हुकमाने मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या तरुणाची कमाई काम मिळेल तशी, तुकड्यातुकड्याने आणि अनेक हातांतून येते. या कमाईबद्दल राज्यसंस्थेला फार काळ केवळ अंदाजच करता येत होता. तो अंदाज कोणी करायचा, कशावरून करायचा आणि तो चुकला तर भुर्दंड कोणी सोसायचा, या तीन प्रश्नांना निरनिराळ्या राजवटींनी जी उत्तरे दिली, त्यांच्यातूनच सुट्या कमाईवरील कराची आजची रचना घडत आली आहे.

मराठेशाहीच्या हिशेबात जमिनीच्या साऱ्याखेरीज जे उत्पन्न येई त्याला सायर म्हणत, आणि मालाच्या ने-आणीवरील जकात व मोहतर्फा ही त्याची दोन ठळक अंगे होती. मोहतर्फा म्हणजे दुकानदार, उदमी व कारागीर यांच्यावर त्यांच्या धंद्याबद्दल बसणारी पट्टी. तिच्या जोडीला घरपट्टी, बाजारात पाल मांडून बसण्याबद्दलची बाजारबैठक, वजनेमापे तपासून त्यांवर शिक्का मारण्याबद्दलची फी, कुंभाराने भांड्यांसाठी खणलेल्या मातीवरची बाब अशा अनेक लहान बाबती असत, आणि त्यांची नावे व दर परगण्यापरगण्यात बदलत. गावातल्या बलुतेदारांवरही वेगळी पट्टी असे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांना त्यांच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या वाट्याच्या, म्हणजे बलुत्याच्या, रूपाने मिळे. हे कारागीर एकेका कुटुंबाचे आश्रित नसून साऱ्या गावाचे सेवक होते, असे दख्खनच्या मध्ययुगाचे जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे. तेव्हा बलुतेदारावरची पट्टी ही, नेमके सांगायचे तर, धान्यात मिळणाऱ्या आणि रोख रकमेत कधीही न मोजल्या गेलेल्या उत्पन्नावरची पट्टी होती. याशिवाय कारागिराकडून वेठ घेतली जाई. मोबदल्याविना करून घेतलेले ते काम कोणत्याही जमाखर्चात कर म्हणून लिहिले जात नसले, तरी कारागिराच्या दृष्टीने तोही करच होता, आणि बहुधा सर्वांत जड.

मोहतर्फा बसवताना कारागिराची मिळकत कोणी विचारत नसे, आणि विचारून ती कळण्याजोगीही नव्हती. त्याऐवजी त्याची साधने पाहिली जात: विणकराचे माग किती चालतात, तेल्याचे घाणे किती, दुकान पेठेच्या कोणत्या भागात आहे आणि त्यात माल किती भरलेला दिसतो. साधन हेच मिळकतीचे माप होते. पेठांमध्ये शेटे व महाजन हे वतनदार असत, आणि पेठेचा व्यवहार ज्यांच्या डोळ्यांपुढून जाई असे हे लोक सरकार व उदमी यांच्यामधला दुवा होते. कोणाचा धंदा तेजीत आहे आणि कोणाचा बसला आहे हे वसुली करणाऱ्या कमाविसदारापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असे. नवी पेठ वसवताना उदमी यावेत म्हणून सरकारातून कौल दिला जाई, म्हणजे काही वर्षे पट्टी माफ किंवा कमी करण्याचे लेखी आश्वासन मिळे, यावरूनही हा कर वाटाघाटीला वाव असणारा होता हे दिसते. मात्र या लवचिकपणाचे कौतुक जपूनच करायला हवे. जिथे आकारणी ओळखीवर आणि रदबदलीवर अवलंबून असते तिथे ज्याचा शब्द चालतो त्याची पट्टी हलकी होते आणि उरलेला भार ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या वाट्याला येतो. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या कारागिराला शेटे-महाजनांपुढे घासाघीस करण्याची कितपत मुभा असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आली आणि पुढच्याच वर्षी त्याने त्या मुलखाविषयी सविस्तर अहवाल लिहिला. त्यातल्या करांच्या यादीत मोहतर्फ्याविषयी लिहिताना, दुकानदाराच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त होणारा हा कर वस्तुतः प्राप्तिकरच आहे, असा अभिप्राय त्याने नोंदवला आहे. भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये प्रथम आला असे सर्रास सांगितले जाते. ते कायद्याच्या पुस्तकापुरते खरे असले, तरी पुण्याच्या किंवा पैठणच्या पेठेतल्या विणकराला आपल्या कमाईचा एक वाटा सरकारात भरावा लागणे ही गोष्ट त्यापूर्वी कितीतरी पिढ्या परिचयाची होती.

कंपनी सरकारने मोहतर्फा आणखी पाव शतक चालू ठेवला. अखेर १८४४ च्या १९ व्या अधिनियमाने मुंबई इलाख्यातील शहरजकाती, गुजरातेतला कसबवेरा (कसबावरचा कर), मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या आणि धंद्यांवर व उद्योगांवर कोणत्याही नावाने घेतले जाणारे सर्व कर रद्द केले. कारागिराच्या दृष्टीने ही मोठी सुटका होती, पण ती फुकट मिळालेली नव्हती, कारण बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई म्हणून त्याच वर्षी मुंबई इलाख्यातील मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला. ऑगस्ट १८४४ च्या अखेरीस सुरतेत या वाढीविरुद्ध दंगा झाला आणि सरकारला दर बारा आण्यांवर आणावा लागला. या अदलाबदलीकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. मोहतर्फा कितीही ओबडधोबड असला तरी तो माणसाची ऐपत पाहत होता, आणि मीठ मात्र सावकाराला व मजुराला सारखेच लागते. अंदाज करण्याचे कष्ट आणि त्यातून होणारा जाच टाळण्यासाठी सरकारने जो कर पत्करला तो वसूल करायला सोपा आणि न्यायाच्या दृष्टीने अधिक वाईट होता. मद्रास इलाख्यात तर ही अर्धीमुर्धी सुटकाही तेव्हा झाली नाही, आणि १८५२ मध्ये मद्रास नेटिव्ह असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवलेल्या अर्जात मोहतर्फ्याविषयीची तक्रार होतीच.

१८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीवर कर्जाचा डोंगर उभा केला, आणि तो उतरवण्यासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे संस्थापक जेम्स विल्सन यांना अर्थखात्याचे सभासद म्हणून कलकत्त्याला पाठवण्यात आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी अंदाजपत्रक मांडले आणि २४ जुलै १८६० रोजी प्राप्तिकराचा कायदा मंजूर झाला. आज २४ जुलै हा दिवस आयकर दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्याला माफी, २०० ते ५०० रुपयांपर्यंत शेकडा दोन आणि त्यापुढे, सार्वजनिक कामांसाठीचा एक टक्का धरून, शेकडा चार असा दर होता. मिळकतीचे चार वर्ग पाडले होते: जमिनीपासूनची, व्यापार व व्यवसायांची, सरकारी रोख्यांवरील व्याजाची, आणि पगार व निवृत्तिवेतनांची. या वर्गवारीतच पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. पगारातून कर हातात पडण्यापूर्वीच कापून घेता येत होता, व्याजातूनही घेता येत होता. व्यवसायाच्या वर्गात मात्र माणसाने आपली मिळकत आपणच लिहून द्यावी, म्हणजे विवरणपत्र भरावे, अशी अपेक्षा होती. ज्या देशात बहुसंख्य कारागिरांना अक्षरओळख नव्हती आणि व्यापाऱ्याची चोपडी ही त्याच्या घराण्याची खासगी बाब मानली जाई, तिथे ही मागणी करापेक्षाही अधिक अपमानास्पद वाटली. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला, आपला अभिप्राय वृत्तपत्रांकडे जाऊ दिला आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. विल्सन स्वतः कायदा मंजूर झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्ट १८६० रोजी, कलकत्त्यात वारले.

सरकारलाही लहान मिळकतींचा पाठलाग परवडेना. १८६२ मध्ये माफीची मर्यादा २०० वरून ५०० रुपयांवर नेण्यात आली, आणि पाच वर्षांची मुदत संपताच १८६५ मध्ये कर बंद पडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात मुंबईने अमाप पैसा मिळवला तो नेमका याच वर्षांत, आणि त्या पैशातून फुगलेला शेअरांचा फुगा फुटला तोही कर संपला त्याच जुलै महिन्यात. त्या विलक्षण समृद्धीचा किती अंश कराच्या जाळ्यात सापडला असेल याविषयी फार आशा बाळगण्याचे कारण दिसत नाही. पुढची काही वर्षे धरसोडीची गेली. १८६७ मध्ये धंद्यांवर परवाना कर आला, १८६८ मध्ये त्याचे नाव प्रमाणपत्र कर झाले, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर बसला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या काळात १८७३ मध्ये तोही गेला.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खनच्या जिल्ह्यांत त्याने जो संहार केला त्यानंतर दुष्काळनिवारणासाठी कायमची तरतूद करण्याचे सरकारने ठरवले, आणि त्यासाठीच्या पैशाचा एक भाग व्यापारी व कारागीर यांच्यावर परवाना कर बसवून उभा करायचे ठरले. मुंबई इलाख्याने त्यासाठी १८७८ चा स्वतंत्र कायदा केला. वर्षाला अवघे १०० रुपये मिळवणाराही सुरुवातीला या करात येत होता. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेतील दुकाने बंद झाली आणि शहरात पुन्हा दंगा उसळला. चौतीस वर्षांपूर्वी ज्या शहराने मिठाच्या कराविरुद्ध उठाव केला होता त्यानेच आता, मिठाचा कर वाढवून ज्याच्यापासून सुटका मिळाली होती तो धंद्यांवरचा कर परत आलेला पाहिला. १८८० मध्ये मर्यादा ५०० रुपयांवर नेल्याने लहान कारागीर सुटले, पण मूळ अन्याय तसाच राहिला. हजारो रुपये पगार घेणारा सरकारी अधिकारी आणि वकिली, वैद्यकी करणारा सुशिक्षित यांना हा परवाना कर लागूच नव्हता. दुष्काळासाठी झळ सोसायची ती दुकानदाराने आणि कारागिराने. ज्याचा पगार सरकारच्या स्वतःच्या वहीत लिहिलेला होता त्याला सोडून, ज्याची मिळकत अंदाजानेच धरावी लागणार होती त्याला धरण्यात आले. वसाहतीच्या अर्थकारणात कोणाच्या गैरसोयीला किंमत होती आणि कोणाच्या नव्हती, हे दाखवणारा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

ही विसंगती १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने दूर केली. पगारदार, कंपन्या, व्याज मिळवणारे आणि ‘इतर साधनां’पासून मिळकत असणारे असे चार विभाग त्याने केले, आणि कारागीर, दुकानदार व स्वतंत्र व्यावसायिक हे सारे चौथ्या विभागात आले. शेतीचे उत्पन्न मात्र सारा भरावा लागतो या कारणाने वगळले गेले आणि ते वगळणे आजतागायत कायम आहे. चौथ्या विभागातील ५०० ते २,००० रुपयांच्या मिळकतींसाठी कायद्याने टक्केवारी न लावता ठोक रकमा ठरवल्या होत्या: ५०० ते ७५० रुपये मिळवणाऱ्याने वर्षाला १० रुपये भरायचे, आणि पायरी पायरीने चढत १,७५० ते २,००० मिळवणाऱ्याने ४२ रुपये. यांची यादी कलेक्टरने आपल्या अंदाजाने तयार करायची आणि ज्याला ती मान्य नसेल त्याने अर्ज करून आपली मिळकत त्याहून कमी असल्याचे पटवून द्यायचे, अशी पद्धत होती. म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या कायद्याच्या पोटात मोहतर्फ्याची रीत पुन्हा शिरली होती. फरक इतकाच की आता अंदाज पेठेच्या शेट्याऐवजी कचेरीतला कारकून करू लागला, आणि ठरलेल्या रकमेविरुद्ध दाद मागण्याची एक लेखी वाट कायद्याने आखून दिली.

ही ५०० रुपयांची मर्यादा १,००० करावी ही मागणी राष्ट्रीय सभेने अगदी आरंभीच्या अधिवेशनांपासून केली. १९०२ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण करताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी, सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडत असताना गरिबांवरील कर का हलके होत नाहीत असा प्रश्न करून, मिठाचा कर उतरवण्याची आणि प्राप्तिकराची मर्यादा वाढवण्याची अशा दोन्ही मागण्या एकत्र मांडल्या. १९०३ च्या अंदाजपत्रकात दोन्ही मान्य झाल्या: मिठाचा कर मणी अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि १,००० रुपयांपर्यंतची मिळकत करमुक्त झाली. १८४४ मध्ये सरकारने मिठावर भार टाकून कारागिराला करमाफी दिली होती, गोखल्यांनी मात्र दोन्ही सवलती एकत्र मागितल्या. एकाला सोडण्यासाठी दुसऱ्याला धरण्याची गरज नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यानंतर १९२२ चा कायदा आला, आणि १९३९ मध्ये पायऱ्यांची जुनी पद्धत जाऊन टप्प्यांची पद्धत सुरू झाली, म्हणजे मिळकत मर्यादेच्या थोडी वर गेल्यास सबंध मिळकतीवर चढा दर लागण्याऐवजी मर्यादेवरच्या भागावरच तो लागू लागला. १९२२ च्या कायद्याची जागा १९६१ च्या कायद्याने घेतली, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी २०२५ चा आयकर कायदा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर याच प्रश्नाची दुसरी बाजू न्यायालयांपुढे आली. माणूस स्वतंत्र धंदा करतो की दुसऱ्याची नोकरी करतो, हे ठरल्याखेरीज त्याच्या कमाईला पगार म्हणायचे की व्यवसायाचा नफा, हे ठरत नाही, आणि कामगार कायद्यांचे संरक्षण मिळते की नाही तेही त्यावरच अवलंबून असते. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल १९६१ मध्ये लागला. हे कामगार कारखान्यात येऊन विड्या वळत, मजुरी नगावर मिळे, येण्याजाण्याची सक्त वेळ नव्हती आणि वाटेल तेव्हा निघून जाण्याची मोकळीक होती. मालकाचे म्हणणे असे की हे स्वतंत्र कारागीर आहेत. न्यायालयाने ते मानले नाही, कारण वळलेल्या विड्या नापसंत करण्याचा अधिकार मालकाच्या हाती होता आणि कामाच्या स्वरूपाप्रमाणे नियंत्रणाचे स्वरूपही बदलते. उलट १९५८ च्या एका खटल्यात, कारखान्याकडून पाने-तंबाखू नेऊन आपल्या माणसांकरवी विड्या वळवून घेणारे सट्टेदार स्वतंत्र ठेकेदार ठरले होते. वेळेचे बंधन नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, ही नागपूरच्या निकालातील दृष्टी आजच्या ॲपवरील कामाला किती लागू पडते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्राने यानंतर काही वर्षांनी धंद्यांवरचा कर पुन्हा बसवला, पण एका अगदी वेगळ्या हेतूने. राज्यांना व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवर कर बसवण्याची मुभा संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने दिली आहे. तिची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लागू झाला. शहरातील पगारदारांकडून व व्यावसायिकांकडून घेतलेला पैसा ग्रामीण भागात बंधारे बांधणाऱ्या व रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या हातात जाऊ लागला. १८७८ चा परवाना कर आणि १९७५ चा व्यवसाय कर हे दोन्ही दुष्काळातून जन्मले, दोन्ही धंद्यांवर बसले. पण पहिल्याने अधिकाऱ्याला सोडून कारागिराला धरले आणि दुसऱ्याने सर्वप्रथम पगारदारालाच धरले. शंभर वर्षांत काय बदलले हे मोजायचे तर ही तुलना पुरेशी आहे.

प्राप्तिकराच्या क्षेत्रात स्वातंत्र्यानंतरची बरीच दशके लहान व्यावसायिक हा दुर्लक्षित आणि तरीही संशयित असा घटक राहिला. ठेकेदाराला पैसे देतानाच कर कापून घेण्याची तरतूद १९७२ मध्ये आली आणि व्यावसायिकांच्या फीमधून कपात करण्याची १९९५ मध्ये. यालाच उद्गम कर कपात म्हणतात. पण हिशेबाच्या वह्या ठेवणे हे लहान धंदेवाल्याला न झेपणारे ओझेच होते. १९९२ मध्ये सरकारने लहान किरकोळ दुकानदारांसाठी वर्षाला १,४०० रुपयांची ठोक योजना आणली. तिचे स्वरूप १८८६ च्या दहा रुपयांशी आणि त्यामागच्या मोहतर्फ्याशी जुळणारे होते, आणि ती टिकली नसली तरी तिच्यामागचा विचार टिकला. ठेकेदार, मालमोटारींचे मालक, किरकोळ विक्रेते असे एकेक वर्ग घेत गृहीत उत्पन्नाची पद्धत विस्तारत गेली, म्हणजे एकूण जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानायचे आणि वह्या मागायच्या नाहीत. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीने ही पद्धत बहुतेक लहान धंद्यांना खुली केली: जमेच्या आठ टक्के, आणि पैसे बँकेतून वा डिजिटल मार्गाने आले असतील तर सहा टक्के, इतका किमान नफा दाखवला की पुरे, कमिशन वा दलालीचा धंदा मात्र तिच्या बाहेर ठेवला गेला. २०१६ मध्ये वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, माहिती तंत्रज्ञानाचे काम करणारे अशा नेमून दिलेल्या व्यावसायिकांसाठी ४४एडीए हे कलम आले आणि त्यांच्या बाबतीत जमेचा निम्मा भाग उत्पन्न मानला जाऊ लागला.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ॲपवर वा तत्सम तात्पुरत्या कामांवर असलेल्यांची, ज्यांना आता गिग कामगार म्हटले जाते त्यांची, संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असा अंदाज होता. त्यांना मिळणारा पैसा कराच्या दृष्टीने पगार नसून धंद्याची जमा आहे, आणि या एका गोष्टीतून पुढचे सर्व परिणाम निघतात. पगारदाराला नव्या करप्रणालीत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट त्यांना नाही. त्यामुळे २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीने कर शून्य होत असला तरी पगारदाराची ती सीमा प्रत्यक्षात पावणेतेरा लाखांपर्यंत जाते आणि गिग कामगाराची जात नाही. नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्याचा मालक फक्त पगारावरचा कर कापतो, जोडधंद्याच्या कमाईची त्याला खबर नसते. तेव्हा वर्षाचा देय कर १०,००० रुपयांवर जात असल्यास तो जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ भरण्याची जबाबदारी त्याची स्वतःची असते, आणि गृहीत उत्पन्नाची पद्धत घेतलेल्याला तोच कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो.

ऑक्टोबर २०२० पासून ई-कॉमर्स कंपन्यांनी आपल्या मंचावरून माल वा सेवा विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कर कापावा असा नियम झाला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो दर दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ०.१ टक्का झाला. एवढ्या क्षुल्लक कपातीने तिजोरीत फारशी भर पडत नाही. तिचे खरे काम नोंद करण्याचे आहे. कापलेला पैसा व त्यामागचा व्यवहार करदात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आपोआप उमटतो. शेटे-महाजनांच्या जागी आता कंपनीचा संगणक आला आहे आणि सुट्या कमाईची जमा सरकारला प्रथमच रुपयापर्यंत कळू लागली आहे. पण कळते ती जमाच. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, हप्ते, मोबाइलचा खर्च, पावसाळ्यात पडून गेलेले दिवस यांची नोंद त्या संगणकात नाही. मोहतर्फ्याच्या काळी माग आणि घाणा ही साधने पाहून कर बसे. आज तेच साधन वजावटीची बाब झाले आहे, आणि वजावट हवी असेल तर पावत्या जपून वह्या ठेवाव्या लागतात. सहा टक्क्यांच्या गृहीतकाने ही अडचण बऱ्याच अंशी सुटते: वर्षाला चार लाखांची जमा असणाऱ्या आणि ही पद्धत लागू होणाऱ्या माणसाचे करपात्र उत्पन्न २४,००० रुपये धरले तरी चालते. मात्र त्याच आकड्यावर घरासाठी कर्ज मागायला गेल्यास बँक त्याला उभे करत नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या हिताचे होते ते सरकारच्या नजरेबाहेर राहणे. त्याला मात्र कर लागू नसतानाही विवरणपत्र भरून आपली मिळकत नोंदवून घ्यावी लागते, कारण पगाराची पावती नसलेल्या माणसापाशी मिळकतीचा दुसरा पुरावाच नसतो.

कर आणि संरक्षण यांची सांगड घालण्याचा महाराष्ट्रातील एक जुना प्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. बाजारसमित्यांत आणि गोदामांत अनेक व्यापाऱ्यांकडे ओझी वाहणाऱ्या हमालांचा कोणी एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीनंतर १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्यासाठी मंडळे स्थापली, व्यापाऱ्यांनी मजुरी आणि तिच्यावरची टक्केवारीची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती मजुरी कामगाराला द्यायची व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार यांची सोय करायची अशी व्यवस्था लावली. मालक एक नाही म्हणून हक्कही नाहीत, हा युक्तिवाद त्या कायद्याने मोडून काढला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशी केली आहे, आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नव्हे, इतकी वर्गणी त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे ठरवले आहे. नागपूरच्या विडी कामगारांच्या खटल्यात जो प्रश्न न्यायालयाने नियंत्रणाच्या कसोटीवर सोडवला, तो या संहितेने बाजूला ठेवला: कामगार नोकर ठरला नाही, त्यामुळे त्याची कमाई करासाठी धंद्याचीच राहिली, आणि कोणत्या सोयी, किती प्रमाणात व कोणत्या नोंदीच्या आधारे मिळतील, हे सरकारने आखलेल्या योजनांवर सोपवले गेले.